आधी उत्तर, मग दगड

बाईंच्या शोकसभेत एका गृहस्थांनी त्यांना ‘मृदुभाषी’ म्हटलं, तेव्हा मी उठून बाहेर आलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं. पाठोपाठ प्राचार्य उभे राहिले आणि ‘मॅडमचा वारसा आमच्या महाविद्यालयाने प्राणपणाने जपला आहे’ असं म्हणाले. ते मला व्हरांड्यात ऐकू आलं. माझ्या हातात चहाचा कागदी कप होता, तो मी चुरगाळला. त्यात अजून चहा होता हे हात पोळल्यावर कळलं.

तो हात अजून चुरचुरतोय आणि मी लिहायला बसलोय. शांत झाल्यावर लिहावं असं म्हणतात. शांत झाल्यावर मीही कदाचित ‘मृदुभाषी’ लिहीन, म्हणून आत्ताच लिहितो.

कुमुद शेवाळे यांनी पुण्यातल्या एका कॉलेजात जन्मभर भूशास्त्र शिकवलं. आडनाव शेवाळे आणि काम दगडांचं, यावर जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे माझी तुकडी तिथं पोचायच्या आधीच होऊन गेले होते. आम्ही त्यांना तोंडावर ‘मॅडम’ म्हणायचो आणि माघारी ‘बाई’. उंची बेताची, अंगात सुती साडी, खांद्याला खाकी पिशवी, आणि आवाज असा की कॉरिडॉरच्या त्या टोकाला कुणी उगाच घुटमळत असेल तर तो आपसूक वर्गात शिरायचा. रागवायला त्यांना कारण लागायचं, पण ते लहान असलं तरी चालायचं.

त्यांच्या अंगावर एकही सेफ्टी पिन नसे. साडीचा पदर त्या खांद्यावर चार टाके घालून शिवून टाकत. सहलीला निघताना आमच्याकडून घड्याळं, किल्ल्या, कडी, बेल्टची बक्कलं, सगळं एका कापडी पिशवीत काढून घेत आणि ती पिशवी लांब एखाद्या झाडाला टांगून येत. एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, माझी चेन सोन्याची आहे, ती काढू का?” बाई म्हणाल्या, “राहू दे. सोन्याला अक्कल नसते. दिशा फक्त लोखंडाला कळते.”

हे लोखंडाचं प्रकरण म्हणजेच त्यांचं आयुष्य होतं. आपल्या पायाखालचा काळा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला तप्त रस. त्या रसात लोहाचे बारीक कण असतात. रस तापलेला असतो तोवर ते सैरभैर असतात. तो निवू लागला की त्या काळी पृथ्वीचं चुंबक ज्या दिशेला ओढत असेल त्या दिशेनं सगळे रांगेत बसतात, आणि दगड झाला की मग कायमचे बसतात. चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते. म्हणजे दगडातल्या कणांचा कल मोजला की तो दगड जन्मला तेव्हा विषुववृत्तापासून किती दूर होता ते कळतं. आपल्या पुण्याचा दगड सांगतो, की मी जन्मलो तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतो, साधारण मादागास्करच्या पट्ट्यात. अख्खा देश पाठीवर घेऊन ही जमीन उत्तरेला सरकत आली आणि आशियाला जाऊन भिडली. बाई हे एवढं सांगून थांबायच्या आणि वर्गाकडे बघायच्या. कुणाच्या तोंडाचा आ झाला नसेल तर त्यांना ते सहन होत नसे.

पण दगड हे सगळं सांगतो ते एकाच अटीवर. तो डोंगरात होता तेव्हा त्याची कुठली बाजू कुठं होती हे आपल्याला ठाऊक हवं. म्हणून दगड फोडायच्या आधीच, तो कातळाला चिकटलेला असतानाच, त्यावर लाल ऑइलपेंटनं उत्तर दिशेचा बाण काढायचा. बाणाला जोडून एक आडवी रेघ, दगडाची पातळी दाखवणारी. मग घण. बाण काढायला होकायंत्र होतं, पण बाईंचा त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. हा काळा दगड स्वतःच चुंबक, तो होकायंत्राला भुलवतो. म्हणून एक लाकडी फळी, तिच्या मधोमध पितळेची काडी, आणि त्या काडीच्या सावलीवरून त्या उत्तर पुन्हा ताडून बघत. ढग आला की सूर्यावर चिडत.

आमच्या पहिल्या सहलीला त्यांनी आम्हाला वाघोलीच्या एका खाणीत नेलं. आमच्यातल्या एकानं, बाईंना खूश करावं म्हणून, हातभर लांबीचा एक देखणा तुकडा उचलून आणला.

“उत्तर?” बाईंनी विचारलं.

“कशाचं मॅडम? तुम्ही प्रश्न कुठं विचारलात?”

बाईंनी तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि खाणीत भिरकावला. “आमच्या धंद्यात उत्तर आधी लिहायचं असतं. प्रश्न मग. आता तो दगड मेला. रस्त्यावर घालायला उपयोगी पडेल.” मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, “आधी उत्तर, मग दगड. परीक्षेत नापास झालात तरी चालेल, पण हे विसरलात तर माझ्या नावाचा उल्लेख कुठं करू नका.”

तो मुलगा परतीच्या बसमध्ये रडकुंडीला आला होता. शिवाजीनगरला उतरताना बाईंनी त्याला भेळ घेऊन दिली, पण क्षमा वगैरे मागितली नाही. भेळ खाताखाता त्याला पुन्हा एकदा तेच सांगितलं.

एका उन्हाळ्यात त्या मला मंडईत भेटल्या. मी तेव्हा एम.एस्सी. करत होतो. त्या कलिंगडाच्या गाड्यावर वाद घालत होत्या. कलिंगड लाल आहे की नाही दाखवायला विक्रेता सुरीनं तिकोनी खाप काढतो, दाखवतो आणि परत बसवतो. बाईंनी त्याला गोल तुकडा काढायला लावला होता. मग तो तळहातावर घेऊन दोनतीनदा फिरवला आणि त्याच्यापुढं धरला.

“आता हा होता तसाच परत बसव.”

“बसला की वो बाई.”

“तसाच बसला कशावरून? तिकोनी असता तर कळलं असतं. हा गोल आहे.”

“कसा बी बसवा, गोडच लागंल.”

बाई माझ्याकडे वळल्या. “बघ जाधव. विद्यापीठात या माणसाला ताबडतोब खुर्ची मिळेल.” मग त्यांनी ते कलिंगड घेतलं, तुकड्यासकट, आणि ते उचलायला माझ्याकडे दिलं. सदाशिव पेठेपर्यंत मी ते वाहून नेलं आणि त्या वाटभर विद्यापीठातल्या खुर्च्यांबद्दल बोलत राहिल्या. त्यातलं काहीही इथं छापण्यासारखं नाही.

सदाशिव पेठेत त्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलंच तर ‘राहून गेलं’ म्हणत, जसं एखादं पत्र टाकायचं राहून जावं. घरात दगड एकही नव्हता. दगड कॉलेजात, घरी माणसं, असा त्यांचा नियम. माणसं म्हणजे विदर्भातून, मराठवाड्यातून परीक्षांचे क्लास करायला आलेल्या मुली. दोन खोल्यांपैकी एक त्या अशा मुलींना देत. एके वर्षी सोसायटीच्या सभेत ठराव आला, की बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत. पाणी जास्त जातं, स्कूटर कुठंही लावतात, रात्री हसतात. बाईंनी मला सोबत नेलं होतं, कारण त्यांना गुडघ्यामुळे जिना त्रास देत होता आणि सभा गच्चीवर होती.

सेक्रेटरी म्हणाले, “आम्ही मूळचे इथले, शेवाळे मॅडम. चार पिढ्या. आम्हालाच आता परकं वाटायला लागलंय.”

“कुठले मूळचे?”

“इथले. पुण्याचे.”

“पुणं कुठलं मूळचं?”

सेक्रेटरी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उठून उभ्या राहिल्या आणि गुडघा धरून म्हणाल्या, “अहो, ही इमारत ज्या दगडावर उभी आहे तो दगड विषुववृत्ताच्या पलीकडून आलाय. वाटेत वळला, फिरला, आपटला, तेव्हा इथं पोचला. तुमच्या पायाखालची जमीन बाहेरची आहे आणि तुम्ही यवतमाळच्या पोरीला बाहेरची म्हणता? तिला एस.टी.चं तिकीट तरी काढावं लागलं. तुम्ही काय काढलंत?”

कुणीतरी म्हणालं, “मॅडम, विषय भरकटतोय.”

“भरकटू दे. खंडं भरकटतात, तुमच्या सभेचं काय घेऊन बसलात.”

ठराव तरीही मंजूर झाला. बाईंनी तो पाळला नाही. पुढची कितीतरी वर्षं त्या खोलीत मुली राहत होत्या आणि रात्री हसत होत्या. सेक्रेटरींनी नोटिशी लावल्या, त्यांतलं शुद्धलेखन बाईंनी लाल पेनानं तपासून परत केलं.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर मीही शोकसभेतल्या वक्त्यांसारखा कौतुक करत बसेन.

भारताची जमीन दक्षिणेकडून आली हे बाईंनी शोधलेलं नाही. ते जगाला ठाऊक होतं. बाईंचा प्रश्न निराळा होता. येताना ती सरळ आली नाही, घड्याळाच्या उलट्या दिशेनं थोडी वळत आली. ती वळली तेव्हा हा आपल्याकडचा रस वर येत होता का, आणि ते वळणं या थरांमध्ये टप्प्याटप्प्यानं दिसतं का? खालच्या थरातली सुई एका दिशेला, वरच्यातली किंचित दुसऱ्या, असं काही? फरक असलाच तर बारीक. एका दगडाच्या सांगण्यावर असल्या गोष्टी ठरत नाहीत. “एका दगडाचं ऐकायचं नसतं,” त्या म्हणायच्या, “तो माणसासारखा असतो, त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलेलं असेल. गाव विचारायचं.” म्हणून त्या पुण्याभोवतीच्या खाणीखाणीतून, घाटाघाटातून, थराथरातून दगड जमवत राहिल्या. प्रत्येकावर लाल बाण. कॉलेजच्या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत लाकडी फळ्यांवर ते सगळे ओळीनं मांडलेले असत. संध्याकाळी खिडकीतून ऊन आलं की ते बाण तेवढे दिसायचे.

हे दगड पुन्हा आणता येण्यासारखे नव्हते. वाघोलीची ती खाण मी सांगितली ना, तिथं काळ्या कातळाचे थर एकावर एक स्वच्छ दिसत आणि दोन थरांमध्ये भाजलेल्या लाल मातीचा पट्टा. खाणीचे मालक आबा म्हणून एक शेतकरी होते. बाई त्यांच्याकडे वर्षानुवर्षं जात आणि एवढा कोपरा फोडू नका म्हणून सांगत. आबा म्हणत, “मॅडम, दगूड हाय त्यो. दगडाला काय एवढं.” पण ते होते तोवर त्यांनी तो कोपरा खरोखर ठेवला. बाईंशी वाद घालण्यापेक्षा कोपरा सोडलेला परवडला, असं ते मला एकदा म्हणाले होते. त्यांच्यामागं मुलांनी जमीन दिली. तिथं आता इमारती आहेत. डोंगर फोडून जिथं खड्डा पाडला, त्या खड्ड्यात उभ्या असलेल्या इमारतींना शिखरांची नावं दिली आहेत. मी रोज त्यांच्यावरून जातो, कारण मी शिकवतो ते कॉलेज तिकडंच आहे, आणि रोज माझं डोकं फिरतं.

बाईंच्या नोकरीच्या काळात एवढा बारीक फरक मोजणारं यंत्र कॉलेजात नव्हतं. अर्ज केले, ते पडून राहिले. शेवटी त्या निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या राज्यातल्या एका प्रयोगशाळेनं सगळे दगड मोजून द्यायचं कबूल केलं. तिथं बाईंची एक जुनी विद्यार्थिनी होती. दगड जसेच्या तसे पाठवा, कापायचं आम्ही बघू, असं तिनं कळवलं. बाईंनी मला फोन केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळे मला क्षणभर आवाजच ओळखू आला नाही. म्हणाल्या, “मला उत्तर कळेल रे, जिवंतपणी.”

त्याच सुमारास कॉलेजनं त्यांचा सत्कार ठरवला. मूल्यांकन समिती येणार होती आणि समितीपुढं जुन्या अध्यापकांचा सत्कार बरा दिसतो. बाईंना सत्काराचा तिटकारा. पण दगड न्यायचा दिवस ठरवायला त्यांना प्राचार्यांना भेटायचंच होतं. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो.

फाटकातून आत शिरलो आणि बाई म्हणाल्या, “थांब.”

फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी फुलझाडांचे वाफे केले होते, आणि वाफ्यांच्या कडेनं बाईंचे दगड लावले होते. काळे, चकचकीत. तारेच्या ब्रशनं आणि ॲसिडनं घासून, वर वॉर्निश मारून. दारापाशी सगळ्यात मोठे दगड रचून कारंजं केलं होतं आणि त्यावर पाटी होती: ‘भूवैभव’. एकाही दगडावर बाण नव्हता.

मी स्कूटर स्टँडवर लावायच्या आत त्या उतरल्या होत्या. वाफ्याशी गुडघ्यावर बसल्या, तो गुडघा, जो त्यांना वाकवता येत नसे. एक दगड उपसला, उलटा केला. मग दुसरा. मातीनं हात भरले. सत्कारासाठी नेसलेली साडी भरली. मी काहीतरी बोललो असेन, काय ते आठवत नाही.

प्राचार्य बाहेर आले. चांगला माणूस, म्हणजे वाईट म्हणता येणार नाही असा. “या या, मॅडम. सरप्राइज होतं, तुम्ही आधीच बघितलंत.”

“बाण कुठं गेले?”

“बाण?”

“लाल बाण. प्रत्येक दगडावर होते.”

“अच्छा, ते. मॅडम, मुलांनी काय रेघोट्या मारून ठेवल्या होत्या हो त्यांच्यावर. निघता निघेनात. ॲसिड आणावं लागलं. पण एकही दगड हलवलेला नाही, म्हणजे बाहेर गेलेला नाही. आपण मोजून घ्या.”

बाई उभ्या राहिल्या. “आपण भूगोल कितवीपर्यंत घेतला होता?”

“मी कॉमर्सचा, मॅडम.”

“कॉमर्समध्ये पत्ता न लिहिता पार्सल पाठवतात?”

प्राचार्यांना ते कळलं नाही. मला त्यांच्या त्या न कळण्याचा जेवढा संताप आला तेवढा मला आयुष्यात कशाचाही आलेला नाही. पुसणाऱ्या शिपायांवर माझा राग नाही, त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं. एका विषयाची खोली आहे, ती विषयाच्या बाई निवृत्त झाल्या तरी तिथंच आहे, तिच्यातल्या वस्तूंना हात लावायच्या आधी एक फोन करावा, एवढंसुद्धा ज्याला सुचत नाही तो माणूस कॉलेज चालवतो. आणि शोकसभेत वारशावर बोलतो.

“वहीत नोंदी असतील ना, मॅडम?” ते पुढं म्हणाले. “त्यावरून पुन्हा काढून घेऊ बाण. पेंटर आहे आपल्याकडे.”

“वहीत लिहिलंय, आडवी रेघ बाणापासून अमुक अंशावर,” बाई म्हणाल्या. “कुठला बाण? दाखवा.”

समितीची गाडी आली म्हणून ते गेले. मला वाटलं बाई आता निघतील. त्या आत गेल्या, स्टेजवर बसल्या, शाल घेतली, श्रीफळ घेतलं. मग स्मृतिचिन्ह आलं. लाकडी बैठकीवर बसवलेला एक काळा दगड, आरशासारखा चकाकणारा, खाली पितळी पट्टीवर त्यांचं नाव. टाळ्या झाल्या. बाईंनी तो दोन्ही हातांत धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, आणि माइकपाशी गेल्या.

“हा कुठला आहे, मला ओळखता येत नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं आणलेला आहे आणि मला ओळखता येत नाही. मी तीस-पस्तीस वर्षं या दगडांना बोलतं केलं होतं. तुम्ही त्यांची जीभ कापलीत आणि वर पॉलिश केलंत. समितीनं याचेही गुण द्यावेत.”

दगड टेबलावर ठेवून त्या खाली उतरल्या. शाल मात्र घेऊन आल्या. थंडी होती, आणि शालीचा काय दोष, असं वाटेत म्हणाल्या. लक्ष्मी रोडच्या गर्दीत, सिग्नलला, माझ्या पाठीमागे त्या रडत होत्या हे मला पाठीला कळत होतं. घरी पोचल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतल्या त्या विद्यार्थिनीला माझ्यासमोर फोन केला. “पाठवण्यासारखं काही उरलं नाही गं,” एवढंच म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. बाकीचं मी सांगितलं.

लोक मला विचारतात, त्या खचल्या का? खचल्या. आठवडाभर त्यांनी दार उघडलं नाही. खोलीतली मुलगी मला फोन करून सांगायची, की जेवतात, पण भांडत नाहीत.

मग एका सकाळी त्यांचाच फोन. “जाधव, मागच्या गल्लीत ब्रेकर चालू आहे. आवाज मऊ नाही, कडक आहे. कातळ लागलाय. ये.”

सदाशिव पेठेत हल्ली दर गल्लीत एक इमारत पाडून दुसरी बांधतात आणि खाली दोन मजले पार्किंगसाठी खणतात. पुण्याचा कातळ, जो पेशव्यांनाही दिसला नसेल, तो असा रोज उघडा पडतो आणि रोज फुटून ट्रकनं जातो. बाई वर्षानुवर्षं लांबलांबच्या खाणी धुंडाळत हिंडल्या आणि दगड त्यांच्या घराच्या मागं निघाला.

मी पोचलो तेव्हा त्या पत्र्याच्या कुंपणापाशी साइटवरच्या सुपरवायझरशी भांडत होत्या. आवाज पूर्ववत होता. मला इतकं बरं वाटलं की मी थोडा वेळ लांबच उभा राहिलो.

“मॅडम, आत अलाउड नाही. आणि उद्या काँक्रीट पडणार आहे इथं.”

“म्हणून आज आले. उद्या तुम्ही बोलावलं तरी येणार नाही.”

“तुमचं वय काय, मॅडम?”

“साडेसहा कोटी. बाजूला व्हा.”

शेवटी सुपरवायझरनंच बाईंना हेल्मेट दिलं. खड्ड्यात उतरायला लाकडी शिडी होती. एक पायरी खाली मी, वर बाई, असं आम्ही उतरलो. मी त्यांना सांगून पाहिलं, की मॅडम, एवढे दगड पुन्हा कसे होणार. त्या शिडीवरच थांबल्या. “मला माहितीय नाही होणार. तेवढं गणित मलाही येतं. दुसरा कुणी करेल. त्याला इथला एक तरी हवा ना, या थराचा? उद्या हा थर सिमेंटखाली जाणार.”

तळाशी चहूबाजूंनी लोखंडी सळया होत्या, तेव्हा होकायंत्राचा काही उपयोग नव्हता. दोन इमारतींमधून ऊन खाली यायला दुपार व्हावी लागली. तोवर त्या एका विटेवर बसून राहिल्या. ब्रेकरवाला बिहारचा होता, त्यानं मशीन बंद करून डबा उघडला. ऊन आलं. बाईंनी फळी मांडली, काडीची सावली बघितली, घड्याळ माझ्याकडे मागितलं, पुन्हा बघितली. कातळावर खडूनं रेघ मारली. मी पिशवीतून लाल रंगाचा डबा आणि ब्रश काढून पुढं केला.

“ठेव तो आत,” त्या म्हणाल्या. “रंग पुसतात लोक.”

पिशवीच्या तळातून त्यांनी छिन्नी आणि हातोडी काढली. नवीन होत्या, दुकानातलं लेबल अजून चिकटलेलं होतं. तो दगड किती कडक असतो हे ज्यानं त्यावर घाव घातलाय त्यालाच माहीत. मी म्हटलं, द्या मी करतो. ब्रेकरवालाही हात पुसत पुढं आला. बाईंनी आम्हा दोघांकडे असं बघितलं की आम्ही मागं सरलो.

त्या कातळावर आडव्या झाल्या, सरळ पोटावर, साडीतच. पहिला घाव घसरला, दुसरा बसला. काळ्या दगडावर पांढरा टवका निघाला. वर गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, सुपरवायझर वरून ‘झालं का मॅडम’ म्हणून ओरडत होता आणि बाई त्याला खालूनच शिव्या देत होत्या, चांगल्या ठसठशीत, आणि प्रत्येक शिवीसरशी एक घाव. पुढं महिन्याभरात त्या गेल्या. माझ्या डोळ्यांपुढं त्या अजून तशाच आहेत. अर्धा बाण झाला होता. टोक अजून व्हायचं होतं.